सात महिन्यांची हजेरी

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ‘सुटलो!’ म्हणून हात वर करणाऱ्या अशिलाची मला कायम धास्ती वाटत आली आहे. खरोखर निर्दोष सुटलेला माणूस असा ओरडत नाही. तारखांना येऊन येऊन तो इतका दमलेला असतो की आधी चहा मागतो. ओरडतो तो परिवीक्षेवर सुटलेला. त्याला वाटतं, मिटलं. तो पेढे वाटतो, देवाला जाऊन येतो, आणि सकाळी ज्या कागदावर सही केली तो कागद कशाचा होता हे संध्याकाळपर्यंत विसरून जातो. नांदेडला आणि पुढं लातूरला मी जी वकिली केली, त्यातला निम्मा मनस्ताप या विसरण्यानं दिला.

ज्यांचा कोर्टाशी संबंध आलेला नाही (आणि न येवो), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आरोपीवरचा गुन्हा शाबीत होतो, पण माणूस पहिल्यांदाच चुकलेला असतो, घरदार असतं, तुरुंगात जाऊन सुधारण्यापेक्षा बिघडण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा न्यायाधीश म्हणतात, शिक्षा आज सुनावत नाही. वर्ष-दोन वर्षं नीट वागेन असा मुचलका लिहून दे आणि घरी जा. मुचलक्यात अटी असतात. गाव सोडायचं नाही, दारू प्यायची नाही, भांडण करायचं नाही, दर महिन्याला परिवीक्षा अधिकाऱ्यापुढं हजर राहायचं. हा अधिकारी पोलीस नसतो. विचारपूस करणं, चार शब्द समजुतीचे सांगणं आणि वहीत नोंद ठेवणं हे त्याचं काम. अटी मोडल्या तर तो कोर्टाला कळवतो, कोर्ट माणसाला परत बोलावतं आणि त्या दिवशी न सुनावलेली शिक्षा आता सुनावू शकतं. ‘तुला सोडलेलं नाही, दावं लांब केलंय,’ असं मी प्रत्येकाला सांगायची. मान सगळे डोलवायचे.

अट मोडल्याच्या आरोपातून माणसाला वाचवणं हे वकिलीतलं मोठं मानाचं काम नाही. कुणी पेपरात छापत नाही. उलटतपासणीत टेबलावर मूठ आपटायची संधी नसते. सगळा मामला हजेरीची वही, एसटीचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी असल्या कागदांचा. माणूस त्या दिवशी घरी का नव्हता, एवढंच कोर्टाला पटवायचं. पण ते नाही पटलं तर माणूस आत जातो, आणि तो ज्या गुन्ह्यासाठी आत जातो तो गुन्हा त्याच्या स्वतःच्याही आठवणीतून पुसट झालेला असतो.

गिऱ्हाइकंही एकेक. देगलूरकडच्या एका म्हाताऱ्यानं ‘नशा करणार नाही’ या अटीवर सही केली आणि दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला, की पानातला तंबाखू नशेत धरतात का, नसल्यास तसं लिहून द्यावं. तो अर्ज तीन टेबलं फिरला. कुणीच उत्तर लिहून द्यायला तयार होईना, कारण तिन्ही टेबलांवर तंबाखूच्या पुड्या होत्या. उत्तर येईपर्यंत म्हातारा पानाशिवाय राहिला आणि भेटेल त्याला तेलुगूत शिव्या देत राहिला. मुचलका पाळण्याच्या बाबतीत इतका सरळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आणि एक मुदखेडचा हमाल. मी तेव्हा नांदेडला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली शिकत होते. हमाल दोन महिने हजेरीला गेला नाही म्हणून समन्स निघालं. तो आला, मी कागद वरवर चाळले, आणि घाईत सांगितलं, की चूक झाली म्हण, माफी माग, कोर्ट ऐकून घेईल. त्यानं माफी मागितली. कोर्टानं ऐकून घेतलं आणि सहा महिने दिले. नंतर त्याची बायको रेल्वेच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आली. ते दोन्ही महिने तो पाय मोडून पडला होता. मी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. अपिलात तो सुटला, पण तोवर तीन महिने आत काढून झाले होते. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, याचा मला अजून राग येतो.

एवढं होऊनही मी तीच चूक पुन्हा केली. तीच आज सांगायची आहे. नावं बदलली आहेत, आणि ज्याला विचारायला हवं त्याला विचारून लिहिते आहे.

उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघून नवा जिल्हा झाला, तेव्हा माझे यजमान लातूरला शाळेत विज्ञान शिकवत होते, म्हणून मीही नांदेड सोडून तिकडं आले. नव्या जिल्ह्याचं सगळंच नवं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ओला. उस्मानाबादहून फायली टेम्पोत भरभरून आल्या होत्या आणि कोणता गठ्ठा कोणत्या खोलीत टाकायचा हे टेम्पोवालाच ठरवत होता. त्यातच पुढं पावसानं पाठ फिरवली. टँकर आला की बायका आधी घागरीवर धावायच्या आणि मग एकमेकींवर.

त्या दिवसांत माझ्याकडं महादप्पा आला. लातूरपासून तासाभरावरच्या गावचा, लिंगायत शेतकरी, पंचेचाळिशीचा. बोलणं कमी, कपाळावर भस्माचे पट्टे ठसठशीत. तो पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचा आणि नारळ जिथं उभा राहील तिथं विहीर पाडा म्हणून सांगायचा. नारळ मनगटाच्या कलण्यानं उभा राहतो, असं आमच्या घरचं विज्ञान म्हणायचं. मी त्यात पडत नाही. त्यांच्या घराण्याचा एक रिवाज मात्र इथं सांगायला हवा. पाणी दाखवायचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि दारात कुणी नारळ घेऊन बोलवायला आला तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की हात मुका होतो, असं तो म्हणायचा.

एका शेतकऱ्यानं त्याच्या शब्दावर विहीर खणली आणि साठ फुटांवर नुसता काळा खडक लागला. बांधावर शिवीगाळ झाली, मारामारी झाली आणि लोखंडी पहारेनं त्या शेतकऱ्याचा हात मोडला. फिर्यादीत नाव महादप्पाचं. पहिल्या खटल्यात मीच त्याची वकील होते. मी कागद पाहिले आणि मनाशी हिशेब केला. पहिलाच गुन्हा, गावात इज्जत, कबुली दिली तर परिवीक्षा नक्की. म्हटलं, ‘कबूल करा, संध्याकाळी घरी.’ त्यानं कबूल केलं आणि संध्याकाळी घरी गेला. दोन वर्षांचा मुचलका. सांगितल्याशिवाय गाव सोडायचं नाही आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जातीनं हजर राहायचं. खरं तर ‘मारलंत का?’ एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता?

पहिले चार महिने तो उस्मानाबादला स्वतः जाऊन हजेरी देत होता. मग नवी कचेरी लातूरला सुरू झाली आणि तिथं सोनकांबळे साहेब आले. हे नांदेडकडचे तरुण गृहस्थ समाजकार्याची पदवी घेऊन नुकतेच नोकरीला लागलेले, अजून कायम व्हायचे होते. मनापासून काम करणारे. समोरच्याला स्टूल देऊन बसवायचे, चहा मागवायचे, ‘लेकरं शाळेत जातात का?’ इथून सुरुवात करायचे. फायलीत फोटो नव्हता, त्यामुळं महादप्पा म्हणून जो आला तो महादप्पा.

या नव्या कचेरीच्या आठव्या महिन्यात एक माणूस त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. पुढचं मला महादप्पानंच सांगितलं.

‘‘तुम्ही कोण?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘महादप्पा जी. हजेरीला आलोय.’’

‘‘कोणता महादप्पा?’’

‘‘मीच की. दर महिन्याला हजेरी हाय न्हवं माझी?’’

साहेबांनी वही उघडली, त्याच्याकडं पाहिलं, परत वहीकडं पाहिलं. ‘‘मग सात महिने माझ्यापुढं बसत होता तो कोण?’’

‘‘त्यो बसप्पा, साहेब. धाकला भाऊ. ह्या बारीला ताप आलाय त्याला, म्हून म्या आलो.’’

हे त्यानं कसलीही लपवाछपवी न करता सांगितलं. सोनकांबळे साहेबांचा संताप झाला, आणि तो रास्तच होता. आठवड्याभरात कोर्टात अहवाल गेला, की सात महिने गैरहजर, गाव सोडून फिरला आणि भावाला स्वतःच्या नावानं उभं करून फसवणूक केली. समन्स घेऊन दोघं भाऊ माझ्याकडं आले.

मी अशिलांवर ओरडते, हे लातूरच्या कोर्टात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी शेजारच्या वकिलांनी खिडकी लावून घेतली म्हणतात.

‘‘अहो, मुचलक्यात जातीनं असं लिहिलंय! जातीनं म्हणजे काय?’’

महादप्पा खाली बघत बसला. बसप्पा, पस्तिशीचा, उंच, खांदे पडलेला, तो बोलला. ‘‘आता वकीलबाई, तळ्याच्या कामावर बी असंच चालतंय की. मुकादम नाव पुकारतो, घरातलं कुनीबी हाय म्हनतंय. हजेरी घराची असती. एक मानूस हुबं ऱ्हायलं म्हंजी झालं.’’

हे खोटं नव्हतं. दुष्काळी कामावर मस्टरात नाव एकाचं आणि टोपलं दुसऱ्याच्या डोक्यावर, हे सर्रास चाले. थोरला आजारी तर धाकटा, नवरा बाजारला गेला तर बायको. मुकादमाचं काम खोदलेल्या मातीशी, तोंडाशी नाही. सगळ्या गावानं सरकारी हजेरी म्हणजे काय ते त्या मस्टरावरच शिकलं होतं. त्यांना कोण सांगणार, की तळ्याची हजेरी निराळी आणि कोर्टाची निराळी?

‘‘आणि तुम्ही कुठं होतात?’’ मी महादप्पाला विचारलं.

‘‘भोकरला होतो. मग मुदखेडकडं दोन गावं केली. मग देगलूरला. रोज कुनी ना कुनी नारळ घिऊन यायलंय, बाई. पान्यासाठी मानसं रडून राहिलीत. न्हाई कसं म्हनू?’’

‘‘एक पोस्टकार्ड टाकायचं साहेबांना. परवानगी मिळाली असती.’’

‘‘ते ध्यानातच आलं न्हाई बगा.’’

त्यांना बसवून मी अहवाल वाचायला घेतला. मुदखेडच्या हमालानंतर कागद पूर्ण वाचल्याशिवाय मी तोंड उघडत नसे. अहवालासोबत सात महिन्यांच्या नोंदींची नक्कल होती. हजर, अंगठा घेतला. हजर, अंगठा घेतला. पहिल्यांदा मला आनंदच झाला. अधिकाऱ्यानं स्वतःच्या अक्षरात सात वेळा ‘हजर’ लिहिलंय. उलटतपासणीत त्याला त्याच्याच वहीनं अडचणीत आणता येईल. मग लक्षात आलं, की महादप्पा सही करतो. मुचलक्यावर त्याची वळणदार सही आहे, आणि वहीत अंगठे आहेत बसप्पाचे. वही खरी म्हणून धरून बसलं तर सरकारी वकील अंगठे तपासायला पाठवणार, आणि एक भाऊ सोडवताना दुसरा तोतयेगिरीत अडकणार. तो रस्ता बंद झाला.

पुढं वाचलं. चौथ्या महिन्याची नोंद होती, ‘मद्यपान कमी केल्याचे सांगतो.’ पाचव्या महिन्याची, ‘मद्यपान सोडले. चेहऱ्यावर फरक दिसतो. पत्नीशी वागणूक सुधारली.’ सहाव्या महिन्याची, ‘गुन्ह्याबद्दल विचारले असता रडला. मनापासून पश्चात्ताप.’

मी मान वर केली. ‘‘महादप्पा, तुम्ही पिता?’’

‘‘शिव शिव! कधी हात लावला न्हाई, बाई.’’

मग मी बसप्पाकडं पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होता. शेवटी तोच म्हणाला, ‘‘पहार माझ्या हातात हुती, वकीलबाई. लई पेलो हुतो मी. दादाला शिवी दिली त्यानं, आन् मी हानली.’’

महादप्पा एवढंच म्हणाला, ‘‘गप, बसू.’’

फिर्यादीनं थोरल्याचं नाव घेतलं होतं, कारण त्याचा राग थोरल्यावर होता, विहीर थोरल्यानं दाखवली होती. पोलीस आले तेव्हा बसप्पा गवताच्या गंजीमागं शुद्ध हरपून पडलेला. थोरल्यानं ठरवलं, की हा आत गेला तर पुरता बिघडेल आणि याची चार लेकरं रस्त्यावर येतील. आणि त्याच्या वकिलीणबाईंनी पहिल्याच भेटीत कबूल करा म्हणून सांगितल्यामुळं त्याचं काम आणखी सोपं झालं. मला स्वतःची लाज वाटली. तेव्हाही वाटली, आज लिहितानाही वाटते. ज्यानं काही केलं नाही त्याच्या तोंडून मी गुन्हा वदवला होता.

मी म्हटलं, ‘‘वरच्या कोर्टात जाऊ. खरं काय ते सांगू. तुमच्यावरचा डाग निघेल.’’

‘‘आन् ह्याचं?’’ महादप्पानं विचारलं.

बसप्पा म्हणाला, ‘‘सांगा, बाई. मी जातो आत.’’ महादप्पानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाला, ‘‘तुमची वकील म्हून मी निवड केलीया, ह्यानं न्हाई. मी सांगतो तसं करायचं. त्यो सुदरून राहिलाय. मधी हात घालू नगा.’’

अशिलाचं ऐकायचं असतं. त्याला वकील शहाणपणाचं सांगू शकतो, त्याच्या वतीनं त्याग नाकारू शकत नाही. मी माझ्या सोयीसाठी गप्प बसले की कायद्यासाठी, हे मला आजही नेमकं सांगता येणार नाही.

आता राहिला एकच मार्ग. अट मोडली हे कबूल करायचं आणि दया मागायची. कायद्यात तशी सोय आहे. अट पहिल्यांदाच मोडली असेल तर न्यायाधीश किरकोळ दंड करून मुचलका पुढं चालू ठेवू शकतात. पण ‘शकतात’, हा शब्द न्यायाधीशांच्या हातातला. त्यांना वाटलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा. हात मोडला होता, पहारेनं. वर्ष सहज लागलं असतं, आणि तेही न केलेल्या गुन्ह्याचं.

सुनावणीच्या दिवशी मी वेळेआधीच कोर्टात जाऊन बसले. न्यायाधीश शिस्तीचे, उशिरा येणाऱ्या वकिलाला दारातच उभं करणारे. महादप्पा पिंजऱ्यात, बसप्पा मागं दाराला टेकून. मी दुष्काळ सांगितला, नारळाचा रिवाज सांगितला, मस्टरची सवय सांगितली. सरकारी वकील उठले. ‘‘साहेब, ही सात महिन्यांची ठरवून केलेली फसवणूक आहे. पहिली चूक कसली? सात चुका आहेत. आणि हा माणूस जिल्ह्याबाहेर धंदा करत फिरत होता.’’

‘‘धंदा न्हाई, साहेब,’’ पिंजऱ्यातून आवाज आला. ‘‘पैशे घेत न्हाई.’’

न्यायाधीशांनी विचारलं, ‘‘किती ठिकाणी दाखवलंस पाणी?’’

‘‘सहा ठिकानी.’’

‘‘लागलं?’’

‘‘चार ठिकानी लागलं. दोन ठिकानी न्हाई लागलं.’’

मी मनात कपाळाला हात लावला. सहाही ठिकाणी लागलं म्हणाला असता तर कोण बघायला जाणार होतं?

न्यायाधीश वही चाळत होते. एका पानाशी थांबले. ‘‘मद्यपान सोडले असं लिहिलंय. तू दारू पीत होतास?’’

‘‘न्हाई साहेब.’’

‘‘मग हे कुणाबद्दल?’’

सोनकांबळे साहेब साक्षीला उभे होते. त्यांनी दाराकडं बोट केलं. कोर्टात हशा पिकला. पेशकारानंसुद्धा, म्हणजे न्यायाधीशांपुढं कागद ठेवणाऱ्या त्या कधी न हसणाऱ्या कारकुनानं, तोंडावर फाईल धरली. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी बसप्पाला पुढं बोलावलं.

‘‘सोडलीस दारू?’’

‘‘हाव साहेब.’’

‘‘का?’’

बसप्पानं सोनकांबळे साहेबांकडं पाहिलं. ‘‘हे साहेब दर महिन्याला इचारत हुते. पयल्या तीन महिन्याला खोटंच सांगितलं. हे खरं धरून चालायचे, च्या पाजायचे. मग मला लाज वाटाय लागली. खोटं तरी किती महिने सांगावं मानसानं?’’

न्यायाधीश साक्षीदाराकडं वळले. ‘‘तुमचं मत काय? या आरोपीला मुचलक्यावर ठेवावं की नाही?’’

सगळं याच उत्तरावर होतं. ज्या माणसाला या भावांनी फसवलं, त्यालाच विचारलं गेलं होतं. सोनकांबळे साहेबांनी दोघा भावांकडं पाहिलं. मग म्हणाले, ‘‘साहेब, ज्याच्याशी मी सात महिने बोललो, तो माणूस सुधारला एवढं मी सांगू शकतो. हा आरोपी कसा आहे, मला माहीत नाही. मी ओळख पटवून घेतली नाही. मुचलक्यावरची सही एकदा जरी पाहिली असती तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं. ती चूक माझी आहे. मला या आरोपीबरोबर काम करायला राहिलेली मुदत द्यावी.’’

हे त्यांनी भर कोर्टात, नोकरी कायम व्हायच्या आधी, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्याची किंमत त्यांनी मोजली. खात्यानं खुलासा मागितला आणि नोकरी कायम व्हायला एक वर्ष जास्त लागलं. मी त्यांच्या जागी असते तर एवढं बोलले असते का, याची मला खात्री नाही.

न्यायाधीशांनी दंड केला, मुचलका चालू ठेवला आणि आधी लेखी कळवून पाणी दाखवायला जाता यावं अशी सवलत अटीत घालण्यासाठी अधिकाऱ्यांनी अर्ज करावा म्हणून सुचवलं. तोतयेगिरीचा विषय आज आपल्यापुढं नाही, असं म्हणून त्यांनी फाईल मिटली. जाता जाता बसप्पाकडं एकदा नीट पाहिलं. त्यांना काय उमगलं आणि काय नाही, मी कधी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यापासून महादप्पा जातीनं येऊ लागला आणि त्याच्यासोबत बसप्पाही. साहेबांनी दोनदा सांगितलं, तुला यायची गरज नाही. तो मान हलवायचा आणि पुढच्या महिन्याच्या सोमवारी परत हजर. थोरला आत स्टुलावर, हा बाहेर पायरीवर. थोरल्याचं झालं की साहेब यालाही आत बोलवायचे, चहा द्यायचे. वहीत नोंद मात्र एकाचीच.

मुदत संपली त्या सोमवारी मी मुद्दाम गेले होते. साहेबांनी शेवटची नोंद केली, महादप्पाची सही घेतली, वही मिटली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘महादप्पा, तुमचं संपलं. आता कुठंही जा.’’

बसप्पा दारात उभा होता. ‘‘साहेब,’’ त्यानं विचारलं, ‘‘माझं कदी संपायचं?’’

साहेबांना ती थट्टा वाटली. ते मोकळेपणानं हसले. ‘‘तुझं काय संपायचं? तुझ्या नावावर काहीच नाही.’’

‘‘तेच तर, साहेब,’’ बसप्पा म्हणाला.

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाकडं पाहत राहिले, आणि वकिलाच्या न बोलण्यातून जेवढं कळतं तेवढं बहुधा त्यांना कळलं. महादप्पानं भावाच्या दंडाला धरलं आणि दोघं एसटी स्टँडकडं चालू लागले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी बसप्पा एकटाच आला. सोनकांबळे साहेबांनी वही काढली नाही. स्टूल पुढं सरकवलं आणि विचारलं, ‘‘लेकरं शाळेत जातात का?’’